प्रौढांची इयत्ता

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. वय झालेल्या विद्यार्थ्याची वेळ सांभाळली पाहिजे, हे त्या शाळेने ओळखले होते. पण वेळ जमली तरी एक अडचण उरतेच. एका सतरंजीवर बसलेल्या मोठ्या माणसांचे वाचन सारखे नसते. मग इयत्ता ठरवायची कशावरून?

या संदर्भात मला पार्वतीबाई आठवले यांचे आयुष्य महत्त्वाचे वाटते. १८७० साली कोकणात जन्म, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी एक मुलगा. विशी उलटल्यावर त्या लिहा-वाचायला शिकल्या. मेहुणे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापलेल्या आणि पुढे हिंगण्याला नेलेल्या आश्रमासाठी त्या गावोगाव बोलू लागल्या, वर्गणी जमवू लागल्या. १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी कामे करून तिथे राहिल्या. सभेत हजारोंच्या देणग्या मागणारी बाई पुन्हा मुळाक्षरांपाशी आली. १९२८ साली त्यांची ‘माझी कहाणी’ निघाली. दोनच वर्षांत जस्टिन अ‍ॅबट यांनी ती इंग्रजीत नेली. अशा बाईंची इयत्ता मराठीत एक, इंग्रजीत दुसरी आणि व्यवहारात तिसरीच.

रायपूरच्या समता कॉलोनीत माझ्याकडे काही मराठी घरांतल्या बायका वाचायला जमतात, तेव्हा हेच दिसते. हिंदी शाळेत शिकलेली झरझर वाचते. लिपी तीच आहे. पण ‘शिक्षा’ शब्दापाशी ती फसते, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. ‘चेष्टा’चेही तसेच, हिंदीत तो प्रयत्न. याउलट हरिपाठ पाठ असलेल्या सत्तरीच्या आजी एकेक अक्षर जुळवत वाचतात, पण शब्द जुळला की अर्थ त्यांना विचारावा लागत नाही.

म्हणून मी हुशार आणि कच्च्या असे दोन गट पाडत नाही. उतारा एकच ठेवते. हिंदीवाली तो मोठ्याने वाचते, आजी बोटाने ओळ धरून मागोमाग जातात आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ त्याच सांगतात. पुढच्या परिच्छेदाला वाचायची पाळी आजींची. त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ सगळ्या थांबतात.