मुंबईच्या दफनभूमीत विसावलेली नामवंत माणसे

नोव्हेंबर महिना उजाडला की आपली पावले आपसूक दफनभूमीकडे वळतात. २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या दिवशी कबरी धुतल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देतात. आपण आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या कबरीपाशी प्रार्थना करतो आणि घरी परततो. परंतु त्याच वाटेवर, चार पावलांच्या अंतरावर, ज्यांनी या महानगराला घडविले अशी माणसेही विसावलेली आहेत, याची जाणीव आपल्यापैकी किती जणांना असते? त्यांची ओळख वाचकांना व्हावी, या हेतूने आम्ही ही माहिती येथे संकलित करीत आहोत.

मेंढमपासून शिवडीपर्यंत

सतराव्या शतकात मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आल्यानंतर त्यांची पहिली दफनभूमी बेटाच्या दक्षिण टोकाकडे, कुलाब्याच्या बाजूस होती. त्या जागेला 'मेंढम्स पॉइंट' म्हणत. तेथे प्रथम पुरल्या गेलेल्या मेंढम नावाच्या इसमावरून हे नाव पडले, असे सांगतात. त्या काळी रोगराई एवढी भयंकर होती की, मुंबईत आलेल्या युरोपियन माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरतेच, अशी म्हणच रूढ झाली होती. पुढे ही दफनभूमी हलवून गिरगावनजीक सोनापूर येथे नेण्यात आली.

थोरामोठ्यांना चर्चच्या आत पुरण्याची प्रथाही तेव्हा होती. १७९५ ते १८११ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले जोनाथन डंकन यांचे दफन फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये झाले. त्यांचे संगमरवरी स्मारक आजही तेथे पाहावयास मिळते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहराची वस्ती वाढली आणि सोनापूरची जागा अपुरी पडू लागली. तेव्हा पालिकेचे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, १८६५ च्या सुमारास, शिवडी येथे नवी ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. ही जागा पूर्वी कृषी व उद्यानविद्या संस्थेच्या बागेची होती. प्रारंभी ती मुख्यत्वे युरोपियनांसाठी होती. कालांतराने येथे भारतीय ख्रिस्ती बांधवांच्या कबरी वाढत गेल्या आणि आज कॅथलिक व प्रोटेस्टंट असे सर्व पंथांचे लोक येथे शेजारी शेजारी निजलेले आहेत.

दोन वास्तुशिल्पी

मुंबईची ओळख सांगणारी दोन चित्रे म्हणजे बोरीबंदरचे रेल्वे स्थानक आणि गेटवे ऑफ इंडिया. या दोन्ही वास्तूंचे शिल्पकार शिवडीच्या एकाच दफनभूमीत विसावलेले आहेत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ साली इंग्लंडमधील बाथ येथे झाला. विशीतच ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीवर भारतात आले. १८७८ साली बांधकाम सुरू होऊन दहा वर्षांनी पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही त्यांची अमर कृती. २००४ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. समोरची महानगरपालिकेची इमारत आणि चर्चगेटचे पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हीदेखील त्यांचीच निर्मिती होय. मार्च १९०० मध्ये हिवतापाने मुंबईतच त्यांचे निधन झाले.

जॉर्ज विटेट हे मूळचे स्कॉटलंडचे. त्यांचा जन्म १८७८ चा. गेटवे ऑफ इंडिया, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, परळचे के.ई.एम. रुग्णालय अशा कितीतरी वास्तूंवर त्यांची मुद्रा आहे. १९२६ साली अतिसाराच्या तीव्र विकाराने ते मुंबईत वारले. ज्या शहरासाठी त्यांनी रुग्णालय उभारले, त्याच शहरातील आजाराने त्यांचा बळी घेतला. स्टीव्हन्स यांच्याबाबतीतही तेच घडले होते.

काका बॅप्टिस्टा

आपल्या समाजाला ज्यांचा सार्थ अभिमान वाटावा असे नाव म्हणजे जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा. त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या म्हातारपाखाडी या गावठाणात एका ईस्ट इंडियन कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव भाईंदरजवळचे उत्तन. पुण्यात अभियांत्रिकीचे आणि पुढे केंब्रिज येथे राज्यशास्त्राचे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले.

लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी व कायदेविषयक सल्लागार होते. १९१६ साली बेळगाव येथे टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद काका बॅप्टिस्टा यांच्याकडे आले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत लाला लजपतराय, ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांचाही पुढाकार होता. गिरणी कामगार, टपाल कर्मचारी अशा श्रमिकांची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. १९२५ साली ते मुंबई महानगरपालिकेच्या प्रमुखपदी निवडून आले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले आणि शिवडी येथे त्यांचे दफन करण्यात आले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. मात्र उद्यानात फिरावयास जाणाऱ्या अनेकांना हे बॅप्टिस्टा कोण, हे सांगता येत नाही, ही खेदाची बाब होय.

कवी आणि युद्धकैदी

इंग्रजीतून लेखन करणारे कवी डॉम मोराएस यांचा जन्म १९३८ साली मुंबईत झाला. ज्येष्ठ संपादक फ्रँक मोराएस यांचे ते पुत्र. 'अ बिगिनिंग' या पहिल्याच काव्यसंग्रहासाठी १९५८ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांना इंग्लंडमधील हॉथॉर्नडेन पुरस्कार मिळाला. २ जून २००४ रोजी त्यांचे निधन झाले व शिवडीत दफनविधी झाला. पुढे त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या कबरीवरची माती इंग्लंडमधील ऑडकोम्ब या खेड्यात नेऊन तेथे पुरण्यात आली.

याच दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धात कैद होऊन भारतात आणलेल्या इटालियन सैनिकांचेही स्मृतिस्थळ आहे. ही मुले घरी परतू शकली नाहीत. त्यांची नावे कोणत्याही इतिहासग्रंथात ठळकपणे येत नाहीत. तरीही आपल्या प्रार्थनेत त्यांना स्थान मिळावे, असे आम्हांस वाटते.

अन्य दफनभूमी

मुंबईच्या मुस्लिम बांधवांच्या कबरस्तानांतही अनेक नामवंत विसावलेले आहेत. मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात चित्रपट दिग्दर्शक मेहबूब खान (१९६४) आणि अभिनेत्री नर्गिस (१९८१) यांच्या कबरी आहेत. माझगावच्या रहमताबाद कबरस्तानात मीनाकुमारी (१९७२) यांचे दफन झाले. जुहूच्या कबरस्तानात मधुबाला (१९६९), गायक मोहम्मद रफी (१९८०), संगीतकार नौशाद (२००६) आणि दिलीपकुमार (२०२१) यांना मूठमाती देण्यात आली.

मात्र रफी व मधुबाला यांच्या मूळ कबरी आज तेथे दिसत नाहीत. नव्या मृतांना जागा मिळावी म्हणून जुन्या कबरींचे बांधकाम काढून त्यांवर माती टाकण्यात आली. ही बातमी २०१० साली सर्वत्र प्रसिद्ध झाली होती. चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडाची खूण धरून रफींना श्रद्धांजली वाहतात.

जागेचा प्रश्न

हा प्रश्न केवळ एका समाजाचा नाही. आपल्या दफनभूमीतही हीच अडचण आहे. कायमस्वरूपी कबरी थोड्या आणि मागणी अफाट. त्यामुळे बहुतेक ठिकाणी काही वर्षांनी कबर उघडून अस्थी बाहेर काढल्या जातात, त्या भिंतीतील कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिकुंडात ठेवल्या जातात आणि त्याच जागी दुसऱ्याचे दफन होते. १९६३ पासून ख्रिस्तसभेने दहनविधीस मुभा दिली आहे. २०१६ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात दफनालाच प्राधान्य दिले असून, दहन केल्यास रक्षा घरी न ठेवता वा विखरून न टाकता पवित्र जागी जतन करावी, असे स्पष्ट केले आहे. मृत व्यक्तीचे नाव व स्मरण समाजाच्या प्रार्थनेतून गळून पडू नये, हा त्यामागील हेतू आहे.

दगड झिजतो, अक्षरे पुसली जातात, जागा दुसऱ्याला द्यावी लागते. म्हणूनच नोंद महत्त्वाची ठरते. जुनी कबर शोधावयाची असल्यास मृत्यूची व दफनाची तारीख हाताशी असणे आवश्यक असते, कारण सर्वसाधारणपणे नोंदवह्या तारखेवार लिहिलेल्या असतात. तेव्हा वाचकांना आमची विनंती आहे की, आपल्या घरातील ज्येष्ठांना विचारून पूर्वजांची नावे, निधनाच्या तारखा आणि दफनाचे ठिकाण एका वहीत लिहून ठेवावे. कबरीवरील शिलालेखाचे छायाचित्र काढून ठेवावे. आणि येत्या नोव्हेंबरात शिवडीला गेल्यास आपल्या माणसांसाठी प्रार्थना झाल्यावर काका बॅप्टिस्टांच्या कबरीपाशीही क्षणभर थांबावे.

प्रभो, त्यांना चिरशांती दे.