सात महिन्यांचे वेतन आणि अभियंत्याची सही

विमान कंपन्यांतील कामगार-व्यवस्थापन संघर्षाचा इतिहास आपल्याकडे बहुधा संपांच्या यादीतून सांगितला जातो. त्या हिशेबाने २०१२ हे वर्ष एअर इंडियाचे. मे ते जुलै या काळात तिच्या वैमानिकांच्या एका गटाचा संप ५८ दिवस चालला. वादाचे मूळ वेतनात नव्हते. बोइंग ७८७ या नव्या विमानाचे प्रशिक्षण पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यावे काय, हा प्रश्न होता. त्याच वर्षी मुंबईस मुख्यालय असलेल्या किंगफिशरमध्ये मार्चपासूनचे वेतन थकले असूनही, अधूनमधून काम बंद पडूनही, विमाने सप्टेंबरअखेरपर्यंत उडत राहिली. मला हे दुसरे प्रकरण अधिक अभ्यासनीय वाटते.

किंगफिशर मे २००५ मध्ये सुरू झाली. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा देशांतर्गत सेवेची पाच वर्षे व वीस विमाने अशी अट होती. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचा प्रारंभ ऑगस्ट २००३ मध्ये बेंगळुरू-हुबळी उड्डाणाने झालेला असल्याने तिची पाच वर्षे आधी भरणार होती. २००७ मध्ये मल्ल्यांनी तिच्यात हिस्सा घेतला आणि सप्टेंबर २००८ मध्ये बेंगळुरू-लंडन सेवा सुरू झाली. वयाचा दाखला विकत घ्यावा, तसा हा व्यवहार! कंपनीला वार्षिक नफा कधीच झाला नाही.

मग माणसे का थांबली? अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले होते की निष्ठा ही सोडून जाण्याचा निर्णय लांबवते. दुसरी नोकरी सर्वांनाच सहज मिळणारी नव्हती, हे खरे. पण स्कायट्रॅक्सचे पंचतारांकित मानांकन मिळवलेल्या कंपनीचा अभिमान आणि विमानाजवळ राहण्याची ओढ वगळली, तर हे सात महिने निव्वळ नाइलाजाने उलगडत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत थकलेले वेतन म्हणजे कामगाराने मालकाला दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्ज. सतरा बँकांच्या समूहाने निदान बोधचिन्ह तरी तारण घेतले होते. कर्मचाऱ्यांपाशी तेही नव्हते.

प्रशासनाच्या दृष्टीने खरी मेख पुढे आहे. देखभालीनंतर परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याखेरीज विमान उड्डाणास मोकळे होत नाही. त्या सहीच्या पात्रतेवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची करडी नजर असते; सही करणाऱ्याच्या पगाराचा विषय मात्र कामगार कायद्यांचा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात विमानसेवा समाविष्ट होती आणि हजार वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने दहा तारखेच्या आत वेतन द्यावे, असे बंधनही होते. परंतु त्याची वेतनमर्यादा दरमहा दहा हजार रुपये होती, जी सप्टेंबर २०१२ मध्ये अठरा हजार झाली. वैमानिक व अनुभवी अभियंते तिच्या कितीतरी वर. महिनाअखेरीस वेतन जमा होणे गृहीत धरणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांच्या नजरेतून अशी फट सहज निसटते. ती बुजवणारी वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली.

सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस अभियंत्यांनीच काम थांबवले, आणि सह्या थांबताच उड्डाणे थांबली. कंपनीने अंशतः टाळेबंदी जाहीर केली. २० ऑक्टोबरला महासंचालनालयाने परवाना निलंबित केला. पाच दिवसांनी, थकबाकी टप्प्याटप्प्याने देण्याच्या आश्वासनावर, कर्मचारी कामावर परतण्यास राजी झाले. ज्या विमानांवर सही करायची ती उडू शकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. ३१ डिसेंबरला परवान्याची मुदतही संपली.