अजिंठ्याच्या दरीतील रान आणि जुन्या प्रकाशचित्रांची साक्ष

छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे १०० किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांची जुनी प्रकाशचित्रे आजवर मुख्यतः स्थापत्याच्या व शिल्पाच्या अभ्यासकांनी पाहिली. त्यांना हवे होते ते स्तंभ, चैत्यगवाक्षे आणि भंगलेले दर्शनी भाग. चित्राच्या कडेस जे रान आपसूक आले, त्याकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. या प्रदेशातील वृक्षराजीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास मात्र नेमकी ती कडच मोलाची वाटेल. ती मोलाची आहेच. परंतु ती वाचावयाची कशी, हे आधी ठरले पाहिजे.

मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याची नेमणूक इ. स. १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी झाली. त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. अनेक वर्षांचे श्रम असे जळून गेले. कॅमेऱ्याने केलेले काम मात्र टिकले. जेम्स फर्ग्युसन याच्या विवरणासह गिलचे दोन संग्रह १८६४ साली लंडनला प्रसिद्ध झाले. एकात ७४ प्रकाशचित्रे होती. दुसऱ्यात दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहावयाची १०० जोडचित्रे होती, आणि त्याच्या नावात स्थापत्याबरोबर निसर्गेतिहासाचाही उल्लेख होता.

त्या काळी प्रचलित असलेली ओल्या कलोडियनची रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियन ओतावयाचे, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावयाची. दख्खनच्या उन्हाळ्यात काच पाहता पाहता सुकते; म्हणून अंधाराचा तंबू जवळच हवा. प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागे, आणि तेवढ्यात वाऱ्याने फांदी हलली की पानांचा नुसता डाग उमटे. वारा पडलेला असतो तो पहाटेनंतरचा प्रहर. वाघूर नदीच्या खोल, नालाकृती दरीत सूर्योदयानंतरही काही काळ थेट ऊन उतरत नाही. आकाशाचा तेवढा मंद उजेड असतो, सावल्या गडद नसतात. शिवाय या उजेडात निळ्या रंगाचा अंश अधिक असतो, आणि काच प्रामुख्याने निळ्या रंगालाच दाद देई. सकाळच्या सौम्य उजेडाची निवड ही तेव्हा रसिकतेपेक्षा गरज अधिक होती.

येथेच वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. ही काच हिरव्या रंगास जवळजवळ आंधळी होती. विरळ झुडपेही तिच्यावर काळीभोर उमटत, आणि काळ्या पट्ट्यास आज आपण घनदाट अरण्य समजतो. हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून काचेची ही उणीव कमी करण्याचा मार्ग शोधला. त्यापूर्वीच्या चित्रातील काळेपणा दाटपणाचा पुरावा म्हणून घेता येत नाही. पांढऱ्या आकाशावर उठून दिसणारी शेंड्यांची रेषा, खोडांमधील अंतर, उतारावरचे उघडे खडक, ही साक्ष अधिक विश्वसनीय होय. ऋतूही पाहिला पाहिजे. साग, सालई, पळस यांचे हे पानझडी रान आहे. श्रावणात भरलेला उतार चैत्रात उजाड दिसतो, आणि त्यासाठी कुऱ्हाडीची गरज नसते.

शब्दांचीही अशीच दिशाभूल होते. आयुर्वेदीय ग्रंथांतील ‘जांगल’ देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा प्रदेश. दलदलीच्या ‘आनूप’ देशाच्या उलट. आजच्या मराठीतील ‘जंगल’ मात्र दाट वनाचा वाचक झाला. अजिंठ्याचा डोंगर जुन्या अर्थाने जांगल, नव्या अर्थाने जंगल! मराठवाड्यातील शेतकरी ‘रानात’ जातो तो पुष्कळदा आपल्या शेतात. तेव्हा ‘पूर्वी इथे सगळे रानच होते’ असे एखाद्या वृद्धाने सांगितले, तर त्या रानात औत चालत होते काय, हे विचारणे अवश्य आहे.

गिलच्या चित्राची जागा निश्चित करून, त्याच महिन्यात, ऊन दरीत उतरण्यापूर्वी नवे चित्र घ्यावे, आणि त्यातील निळ्याखेरीज इतर रंग गाळून ते जुन्याशेजारी ठेवावे. मग झाडे मोजावीत. लेण्यांपुढची आजची पायवाट आणि कठडे यांनी अडवलेला भाग अर्थातच मोजणीतून वगळावा लागेल.