उन्हाळी लागते म्हणजे काय लागते?

भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, तशी उन्हाळीही लागते. लघवीला आग होणं, थेंब थेंब होणं, जाऊन आल्यावर पुन्हा जावंसं वाटणं, या सगळ्याला मराठीत हा एक शब्द पुरतो. यवतमाळकडच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो, तशी उन्हाळीची उन्हायी होते. 'उन्हायी लागली' म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. सब्जा भिजवायला उठतो.

शब्दाचं कूळ उघड आहे. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. हिमकालाचा हिवाळा झाला, उष्णकालाचा उन्हाळा झाला, आणि उन्हाळी ही त्याच घरातली. विशेषण म्हणून ती भुईमुगाला आणि मुगाला लागते, नाम म्हणून माणसाला. वणी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा दुखण्याचं नाव ऋतूवरून पडावं यात नवल नाही. घामावाटे पाणी जातं, लघवी कमी आणि दाट होते, गडद पिवळी दिसते, आणि आग होते. अशी उन्हाळी पाण्यानं, ताकानं, धने-जिऱ्याच्या पाण्यानं उतरते. पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर शेक देण्याची रीतही विदर्भात आहे. पळसाला तोटा नाही, आणि तो फुलतो तोही नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर.

पण या शब्दाच्या पोटात दुसरं एक दुखणंही आहे. आग तीच, थेंब तेच, पण लघवी गढूळ, वास उग्र, आणि पुढे हुडहुडी भरून ताप आणि कुशीत कळा. हे निव्वळ पाण्यानं उतरत नाही. जुन्या वैद्यकात अशा त्रासाला मूत्रकृच्छ्र म्हणत. कृच्छ्र म्हणजे कष्ट. आजच्या मराठी पुस्तकात मूत्रमार्ग संसर्ग असतो, आणि यवतमाळच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर 'युरीन इन्फेक्शन'. बाकावरचा शब्द जिंकला आहे, हे कबूल करावं.

इंग्रजी शब्द जिंकण्यामागे लाज आहे. 'मूत' हा मूत्राचा सरळ तद्भव, पण गोमूत्र देवघरात चालतं आणि मूत ओसरीवरही चालत नाही. 'मूतखडा' तेवढा सुटला, तो डॉक्टरांच्या पाटीवरही निर्धास्त बसतो. म्हणून मग आपण लघवी शोधली, लघुशंका शोधली, शाळेत 'एकीला' जाऊ लागलो. शिवाय त्याच जागेची आणखी दोन नावं बदनाम होती. एक गरमी, म्हणजे उपदंश. दुसरं परमा. परमा हा प्रमेहाचा अपभ्रंश. मिह् म्हणजे शिंपणे, त्यावरून मेह, प्रमेह, मधुमेह. संस्कृत व्युत्पत्तिकार तर मेघही याच धातूपासून साधतात. इतक्या वरच्या घराण्यातला शब्द मराठीत येऊन बाहेरख्यालीपणाचा रोग झाला. लघवीला आग परम्यातही होते. त्यामुळे आग होते म्हणायची चोरी. उन्हाळी मात्र निष्पाप. दोष सूर्याचा, माझा नाही. बाईला घरात मोठ्यानं सांगता येईल असा हा एकच शब्द होता, आणि माझ्या मते त्याचं दीर्घायुष्य उन्हापेक्षा या सोयीवर जास्त चाललं आहे.

सूर्याइतकाच दोष कशाचा, ते चरकानं लिहून ठेवलं आहे. त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानातल्या एका अध्यायाचं नावच 'नवेगान्धारणीय'. शरीराचे 13 वेग अडवू नयेत, असं त्यात सांगितलं आहे आणि त्यात पहिला वेग मूत्राचा. तो अडवला तर काय होतं, त्या यादीत मूत्रकृच्छ्र आहे. आता यवतमाळच्या कापसाच्या शेतात या. निंदणाच्या दिवसांत पऱ्हाटी गुडघ्याएवढी, आडोसा नाही, बांधावर माणसांची ये-जा. बाया सकाळी येतात त्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवतात, आणि धरावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. वेचणीला थंडी असते, तरी हेच. पोटाशी बांधलेली कापसाची ओटी जडावत जाते आणि तिच्याखाली ओटीपोट दुखत राहतं. हिवाळ्यात लागलेल्या या दुखण्यालाही उन्हाळीच म्हणतात.

गावात, बाजारात तरी काय वेगळं? 'मुतारी' हा शब्द स्त्रीलिंगी, जागा पुरुषांची. 2011 मध्ये मुंबईत बायकांसाठी मोफत मुताऱ्या मागणारी चळवळ उभी राहिली, तिचं नाव 'राइट टू पी'. मराठीत सरळ नाव द्यायचं तर 'मुतण्याचा हक्क' म्हणावं लागलं असतं, आणि फलकावर ते लिहायला किती हात धजावले असते, कोण जाणे.

'संसर्ग' या शब्दाशी माझं भांडण आहे. सम् अधिक सृज्, म्हणजे एकत्र येणं, संग. ऐकणारा लगेच विचारतो, कुणाचा संग? कोणाकडून लागलं? बहुतेक वेळा कोणाकडूनच नाही. जंतू आपल्याच आतड्यातले असतात. तिथे ते सुखानं नांदतात, जागा सोडून मूत्रमार्गात शिरले की त्रास सुरू. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाचा सुमारे 20, म्हणून ही वाट बाईत जवळची. गरोदरपण, पाळी जाण्याचं वय, मधुमेह, मूतखडा, लघवीसाठी घातलेली नळी, म्हाताऱ्या पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, यांनी ती आणखी सोपी होते. सुश्रुतानं मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार केले, त्यातला एक मळ अडल्यानं होणारा. आजचे बालरोगतज्ज्ञही वरचेवर लघवीचा त्रास होणाऱ्या मुलाच्या आईला आधी बद्धकोष्ठाचं विचारतात.

'जंतू' हा शब्दही फसवतो. जन् पासून जन्तु, म्हणजे जन्मलेला कोणताही जीव. त्याचाच धाकटा भाऊ 'जंत', पोटातला. लघवीत जंतू आहेत म्हटल्यावर वळवळणारं काहीतरी डोळ्यांपुढे आलं, तर हसू नये. असतो तो बहुधा ई. कोलाय. कोलाय म्हणजे कोलनचा, मोठ्या आतड्याचा; 'ई' हे एशेरिख या डॉक्टरच्या नावावरून. थिओडोर एशेरिखनं तो 1885 साली म्युनिकला तान्ह्या बाळांच्या शीमध्ये पाहिला. पत्ता असा नावातच लिहिलेला आहे. बहुतांश साधे संसर्ग याचेच, कारण अंगावरच्या केसासारख्या तंतूंनी तो मूत्राशयाच्या भिंतीला धरून बसतो आणि धारेबरोबर वाहून जात नाही. मग क्लेब्सिएला, एडविन क्लेब्सच्या नावाचा. आणि प्रोटियस, रूप बदलणाऱ्या ग्रीक सागरदेवतेच्या नावाचा. हा युरियातून अमोनिया काढतो, लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यातून एका जातीचे खडे बनतात. गंमत म्हणजे ही दोन नावंही 1885 चीच.

कोणता जंतू हे कळायला लघवीचं 'कल्चर' करतात. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ जमीन कसण्यात आहे, आणि खरंच ती पेरणीच असते. थेंबभर लघवी काचेच्या बशीतल्या खाद्यावर ओढायची आणि एक-दोन दिवस काय उगवतं ते पाहायचं. उगवलेल्या ठिपक्यांना वसाहती म्हणतात. मिलिलिटरला एक लाख जंतू म्हणजे संसर्ग, ही जुनी मर्यादा 1956 मध्ये एडवर्ड कास यांनी घातली.

रिपोर्टात खाली औषधांची यादी असते, प्रत्येकापुढे बहुधा 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू त्याला जुमानणार नाही. पाच दिवसांच्या गोळ्या असतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आग थांबते. आग गेली म्हणजे उन्हाळी गेली, कारण उन्हाळी या शब्दात आग आहे, जंतू नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या जातात आणि पुढच्या खेपेला, डॉक्टरांना न विचारता, घेतल्या जातात, शेजारणीलाही दिल्या जातात. तिच्या रिपोर्टात मग 'आर' जास्त निघतात.