'केवळ' हा शब्द : लूथरचे भाषांतर आणि कृपा-कर्माचा वाद

१

सन १५३० च्या उन्हाळ्यात आउग्सबुर्ग येथे जर्मन साम्राज्याची सभा भरली होती, व तीत धर्मसुधारणेच्या पक्षाला आपली बाजू मांडावयाची होती. त्या पक्षाचा मूळ पुरुष मार्टिन लूथर मात्र सभेस जाऊ शकला नाही. १५२१ मध्ये सम्राटाने त्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकले होते. म्हणून तो सॅक्सनीच्या सीमेवरील कोबुर्गच्या किल्ल्यात राहिला आणि तेथूनच त्याने सप्टेंबर महिन्यात भाषांतराविषयी एक खुले पत्र लिहिले. पत्राचे निमित्त एका शब्दाचे होते. लूथरच्या जर्मन नव्या करारात, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनात, मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो या अर्थाच्या वाक्यात 'अलाइन', म्हणजे 'केवळ', असा शब्द आला होता. तो मूळ ग्रीकमध्ये नाही आणि लॅटिन अनुवादातही नाही. लूथरने पवित्र ग्रंथात पदरचा शब्द घुसडला, असा त्याच्या विरोधकांचा आक्षेप होता.

मनुष्याचा उद्धार त्याच्या सत्कृत्यांनी होतो की ईश्वराच्या कृपेने, हा प्रश्न धर्मशास्त्राचा खरा. तथापि सोळाव्या शतकात तो ज्या रीतीने लढविला गेला ती पाहता, त्याचा मोठा भाग काही थोड्या शब्दांच्या अर्थावर अवलंबून होता असे दिसून येते. धर्मशास्त्राचा निर्णय देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या शब्दांचा इतिहास पाहिला असता वाद कोठे खरा होता आणि कोठे दोन पक्ष एकाच शब्दाने दोन गोष्टी बोलत होते, एवढे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

प्रथम पौलाचा मूळ संदर्भ ध्यानात घ्यावयास हवा. पहिल्या शतकाच्या मध्यास त्याने गलतीकरांस पत्र लिहिले, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न व्यावहारिक होता. जे लोक यहुदी नव्हते आणि ख्रिस्ताचे अनुयायी झाले होते, त्यांनी सुंता, भोजनाचे निर्बंध व सणवार पाळावेत की न पाळावेत? पौलाचे उत्तर असे की, त्यांच्यावर हे ओझे लादणे म्हणजे मिळालेले स्वातंत्र्य परत देऊन टाकणे होय. 'नियमशास्त्राची कर्मे' ही त्याची संज्ञा याच वादात जन्मली.

या संज्ञेतील 'नियमशास्त्र' हा शब्द तीन भाषांतून प्रवास करून आला आहे. हिब्रूतील 'तोरा' या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण, मार्गदर्शन असा आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, त्यात 'तोरा'साठी 'नोमोस' हा शब्द योजण्यात आला, आणि 'नोमोस' म्हणजे रूढी किंवा कायदा. पुढे लॅटिनमध्ये 'लेक्स' आला, तेव्हा त्याला रोमन न्यायालयाचा वास लागला. पित्याची शिकवण अशा रीतीने दंडसंहिता झाली. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स यांनी पौल आणि पॅलेस्टाइनमधील यहुदी धर्म यांवरील आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले की, पौलाच्या काळचा यहुदी धर्म पुण्य साठवून उद्धार विकत घेण्याचा धर्म नव्हता. त्यातही ईश्वराची निवड व करार आधी येतो, नियमपालन मागाहून. या मताचा स्वीकार पुष्कळ अभ्यासकांनी केला, काहींनी त्याला मर्यादा घातल्या. परंतु एक गोष्ट निश्चित झाली. लूथरने पौलाचे प्रतिस्पर्धी म्हणून जे यहुदी रंगविले, त्यांच्या चेहऱ्यात त्याच्या स्वतःच्या काळातील मठवासी व क्षमापत्रांचे विक्रेते डोकावतात. या गल्लतीची किंमत लहान नव्हती. १५४३ मध्ये लूथरने यहुद्यांविरुद्ध जे विषारी लेखन केले, त्याच्या मागे अन्य कारणांबरोबर हे वाचनही उभे आहे.

३

लूथर १५०५ मध्ये एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपवास, जागरणे, पुनःपुन्हा पापकबुली, सर्व काही त्याने केले. परंतु पुरेसे झाले असे त्याला कधी वाटले नाही. त्याची अडचण त्याने स्वतःच १५४५ मध्ये, आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत, सांगितली आहे, आणि ती व्याकरणाची अडचण आहे हे विशेष. रोमकरांस पत्राच्या आरंभी 'देवाचे नीतिमत्त्व' असा षष्ठीचा प्रयोग येतो. लूथर त्याचा अर्थ असा करी की, ज्या नीतिमत्त्वाने देव स्वतः न्यायी आहे व पाप्यांना दंड करतो ते. पुढे त्याला उमगले की, जे नीतिमत्त्व देव मनुष्याला देतो, तेही षष्ठीनेच सांगता येते. मराठी वाचकास हा भेद सहज कळेल. 'सरकारची मालमत्ता' आणि 'सरकारची शिष्यवृत्ती' या दोहोंत विभक्ती एकच आहे; परंतु पहिली सरकारजवळ राहते आणि दुसरी विद्यार्थ्याच्या हाती पडते. लूथरच्या दृष्टीने देवाचे नीतिमत्त्व पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात गेले, आणि त्याबरोबर त्याची भीतीही गेली.

दुसरा शब्द पश्चात्तापाचा. लॅटिन अनुवादात ख्रिस्ताच्या तोंडी जे शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा घेतला जात असे. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला व मूळ 'मेतानोइआ' या शब्दाचा अर्थ मनाचा पालट असा असल्याचे विद्वानांच्या नजरेस आणले. करावयाचे कृत्य आणि पालटावयाचे मन यांत अंतर फार. १५१७ च्या पंच्याण्णव प्रमेयांपैकी पहिलेच प्रमेय या अंतरावर उभे आहे. प्रायश्चित्त हे कृत्य असेल तर त्याचा हिशेब होऊ शकतो, आणि ज्याचा हिशेब होतो त्याची विक्रीही होऊ शकते. क्षमापत्रांचा व्यापार याच तर्काने चालला होता.

४

आता 'केवळ' या शब्दाकडे वळू. लूथरचा बचाव दुहेरी होता. पहिला मुद्दा भाषेचा. दोन गोष्टींपैकी एकीचा स्वीकार व दुसरीचा निषेध करावयाचा असता जर्मन माणूस स्वीकारलेल्या गोष्टीस 'अलाइन' जोडतो. शेतकरी केवळ धान्य आणतो, पैसा नाही, असे त्याचे उदाहरण आहे. लॅटिन अक्षरे उकलून जर्मन बोलता येत नाही. घरातील आई, रस्त्यावरील मुले, बाजारातील सामान्य माणूस यांच्या तोंडाकडे पाहावे लागते, असा त्याचा आग्रह होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद भक्कम आहे. मराठीत हेच काम 'च' हे अव्यय करते. 'धान्यच आणले, पैसे नाहीत' या वाक्यातील 'च' काढला तर अर्थ नाहीसा होत नाही, परंतु वाक्य मराठी कानाला अपुरे वाटते.

तथापि लूथर येथेच थांबला नाही. वाक्यरचनाच नव्हे तर पौलाचा आशयही हा शब्द मागतो, असे त्याने त्याच पत्रात म्हटले आहे. येथे भाषांतरकाराची जागा भाष्यकार घेतो. हा अर्थ त्याने नव्याने काढला असेही नव्हे; चौथ्या शतकातील अँब्रोझियास्टर या भाष्यकाराने आणि तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यानेही 'केवळ विश्वासाने' असा प्रयोग केलेला आढळतो. परंतु भाष्यातील 'केवळ' आणि संहितेतील 'केवळ' यांत फरक आहे. भाष्य वाचणारा ते बाजूला ठेवू शकतो. संहिता वाचणाऱ्या विटेनबर्गच्या गृहिणीला तशी सोय नव्हती. गंमत अशी की, लूथरचा कठोर टीकाकार हिएरोनिमस एम्सर याने १५२७ मध्ये जो प्रतिस्पर्धी नवा करार काढला, त्यातील बराचसा मजकूर लूथरचाच होता.

आणखी एक अडचण आहे. 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तेथे ते नकारासह येतात. १५२२ च्या प्रस्तावनेत लूथरने या पत्राला गवताचे पत्र म्हणून कमी लेखले. पुढील आवृत्त्यांत तो शेरा राहिला नाही. ज्याने पौलाच्या वाक्यात शब्द घातला त्याला याकोबाचे वाक्य जड जावे, हे समजण्यासारखे आहे.

५

कर्मे उद्धारास कारण नसतील तर ती कशासाठी करावयाची? 'ख्रिस्ती मनुष्याचे स्वातंत्र्य' या १५२० च्या पुस्तिकेत लूथरने याचे उत्तर दिले. ख्रिस्ती मनुष्य कोणाचाही अंकित नाही, आणि तोच सर्वांचा सेवक आहे, अशी दोन विधाने त्याने शेजारी ठेवली. सत्कृत्ये हे मूळ नसून फळ आहे. झाड चांगले झाले म्हणजे फळ चांगले येते. शेजाऱ्याची सेवा करताना ज्याला स्वतःच्या पुण्याचा हिशेब ठेवावा लागत नाही, त्याची सेवाच निर्भेळ असते, हा या विचाराचा गाभा होय.

परंतु 'स्वातंत्र्य' हा शब्द पुस्तिकेत बंदिस्त राहिला नाही. १५२५ मध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी बारा कलमे तयार केली. त्यांतील तिसऱ्या कलमाचा आशय असा की, ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांना सोडविले असता आम्हांला कोणाचे बंदे का मानावे? लूथरने उत्तर दिले की हे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, शरीराचे नव्हे. आणि बंड पेटल्यावर त्याने राजांना शेतकऱ्यांचा निर्दय बीमोड करावयास सांगितले. त्या वर्षी हजारो शेतकरी मारले गेले. शेतकऱ्यांनी शब्द चुकीचा वाचला असे म्हणणे सोपे आहे. बाजारातील माणसाच्या तोंडचा शब्द घ्यावा असे ज्याने सांगितले, त्याला बाजारातील माणूस त्या शब्दाचा काय अर्थ करील याची जबाबदारी टाळता येते काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

उलट बाजूनेही ताण आला. १५३७ च्या सुमारास योहान आग्रिकोला या त्याच्याच शिष्याने, ख्रिस्ती मनुष्याला नियमशास्त्राचा उपदेश करण्याचे कारण नाही असे मत मांडले, तेव्हा लूथरनेच त्याचा जोरदार प्रतिवाद केला. नियमांपासून मुक्ती म्हणजे नियमांचा अभाव नव्हे; नियमांच्या आधारे स्वतःचे मोल ठरविण्यापासून मुक्ती, असा त्याचा आशय होता.

६

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी याविषयी निर्णय दिला. या निर्णयाचे पहिलेच कलम असे की, कृपेवाचून केवळ आपल्या कृत्यांनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा बहिष्कृत होय. म्हणजे कृपेचे अग्रत्व दोन्ही पक्षांस मान्य होते. मतभेद क्रियापदात होता. ग्रीक 'दिकाइऊन' हे न्यायालयातील क्रियापद आहे. निर्दोष म्हणून जाहीर करणे हा त्याचा प्रमुख अर्थ. लॅटिन 'इउस्तिफिकारे' याच्या घडणीतच 'करणे' आहे. नीतिमान बनविणे, असे ते ऐकू येते. लूथरच्या पक्षाने पहिला अर्थ धरला, ट्रेंटने अंतःकरणाच्या नूतनीकरणासह दुसरा. पहिल्या अर्थी कर्मे निकालाच्या नंतर येतात; दुसऱ्या अर्थी ती त्या घडणीतच सामील होतात. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथेच कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात मांडलेल्या स्वरूपातील परस्परांच्या शिकवणीस सोळाव्या शतकातील निषेध लागू होत नाहीत, असे त्यांनी मान्य केले. काही भेद मात्र शिल्लक ठेवले.

७

मराठीने या वादात नकळत एक बाजू घेतली आहे. प्रचलित मराठी बायबलात 'नीतिमान ठरणे' असा प्रयोग रूढ आहे. 'ठरणे' हे निर्णयाचे क्रियापद आहे, घडणीचे नव्हे. येथे मराठी ग्रीकच्या जवळ आणि लॅटिनपासून दूर आहे. 'कर्म' या शब्दाचे तसे नाही. पौलाच्या वादातील सुंता व भोजननियम त्यात मावतात, परंतु त्याबरोबर पूर्वजन्माचे संचितही येते, आणि पौलाला ज्याची कल्पना नव्हती असा प्रश्न मराठी वाचकापुढे उभा राहतो.

हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी जगून पाहिला होता. तीर्थयात्रा, व्रते, पुराणपठण यांत त्यांचे बालपण गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी नमूद केले आहे की, त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्म बदलला तरी विधिनियमांवरील भिस्त तशीच राहू शकते, हा त्यांचा अनुभव. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले व १९२२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी ते पुरे केले. घरातील आईच्या तोंडाकडे पाहावे, हे लूथरचे सूत्र केडगावच्या मुक्तिसदनात अशा रीतीने अमलात आले.

भाषांतरातील कोणताही शब्द निरपराध नसतो. 'तोरा'चा 'नोमोस' झाला तेव्हा शिकवणीचा कायदा झाला. 'अलाइन' आला तेव्हा भाष्याची संहिता झाली. 'स्वातंत्र्य' शेतात पोचले तेव्हा रक्त सांडले. कृपा आणि कर्म यांचा इतिहास अभ्यासणाऱ्याने मतांच्या आधी शब्द पाहावेत, आणि ज्या शब्दात तो स्वतः विचार करतो तोही त्या इतिहासाचाच भाग आहे हे विसरू नये.