एक कथा, दोन पोस्टर्स

वाङ्मयप्रकाराची चर्चा आपण बहुधा संहितेपासून सुरू करतो. कथानक, पात्रे आणि शेवट यांवरून कृतीचा प्रकार ठरतो असे गृहीत धरतो. चित्रपटाचा प्रकार मात्र प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच, थिएटराबाहेरच्या पोस्टरवरून कळलेला असतो. हिंदी चित्रपटाचे पोस्टर हा प्रकार नुसता कळवत नाही. पुष्कळदा ते तो ठरवते, असे आम्हांला वाटते.

ही चित्रभाषा सिनेमाने शून्यातून घडवली नाही. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांच्या शिळाछाप तसबिरी घरोघरी पोहोचल्या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे आले. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर उपलब्ध भारतीय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. मुकुट, प्रभावळ, आशीर्वादाचा हात या पौराणिक पटाच्या खुणा प्रेक्षकाला नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत. तसबिरीत पाहिलेले भिंतीवर ओळखायचे, एवढेच. अक्षरओळख नसलेल्यालाही ते वाचता येई.

पण ज्या चित्रपटात प्रेम, विनोद, गाणी, हाणामारी असे सारेच आहे, त्याचे काय? तिथे पोस्टरला निवड करावी लागते. 'मदर इंडिया' (१९५७) आणि 'दीवार' (१९७५) यांच्या कथांचा सांगाडा एकच आहे: कष्टाने वाढवणारी आई, दोन मुलगे, त्यांतला एक कायद्याबाहेर गेलेला आणि त्याचा घरच्यांच्याच गोळीने झालेला अंत. पहिल्यात आई स्वतः गोळी झाडते. दुसऱ्यात पोलीस झालेला भाऊ झाडतो.

'मदर इंडिया'च्या गाजलेल्या पोस्टरवर खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस आहे. चित्रपटातला दरोडेखोर मुलगा, त्याची बंदूक, प्रेमप्रसंग हे सारे त्या प्रतिमेबाहेर राहते. उरते ती भूमी आणि माता, म्हणजे राष्ट्राची गाथा. 'दीवार'च्या प्रसिद्धीत मात्र अमिताभ बच्चनचा संतप्त नायक पुढे येतो. या चित्रपटाची पोस्टर्स दिवाकर करकरे यांनी केली. पॅलेट नाइफने ओढलेले रंगाचे जाड, खरबरीत फटकारे ही त्यांची ओळख होती. चेहऱ्यावरचा तो खरबरीतपणाच पुढे 'ॲक्शन' पटाची खूण होऊन बसला.

'दीवार'चा नायक विजयच आहे, मग पोस्टरने वेगळे काय केले, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चित्रपटाची चौकट आईची आहे. पोलीस मुलाच्या गौरवसमारंभात तिला मंचावर बोलावले जाते. तिथून कथा मागे जाते आणि तिथेच परतते. संहितेने आईला दिलेली ही जागा पोस्टरने मुलाला दिली आणि आपण आजही हा चित्रपट 'संतप्त तरुणा'चा म्हणूनच शिकवतो.

दोहोंत अठरा वर्षांचे अंतर आहे. पहिला पंचवार्षिक योजनांच्या आशेच्या काळातला; दुसरा आणीबाणीच्या काही महिने आधी, महागाई आणि बेकारीच्या अस्वस्थतेत आलेला. प्रेक्षकाला कोणाच्या नजरेने पाहावेसे वाटेल, याचा अंदाज पोस्टरकार बांधत होते. ती पोस्टर्स खळीने चिकटवली गेली आणि पुढच्या शुक्रवारी त्यांवर नवी चढली. बरीचशी अशीच नाहीशी झाली. चित्रपटप्रकारांचा इतिहास केवळ संहितांवरून लिहिला, तर त्या अंदाजांची ही नोंद आपल्या हातून निसटते.