माशीविना नेम : तीरकामठ्याची विसरलेली तालीम

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, त्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. माशी लक्ष्याशी जुळली की चाप ओढायचा. तीरकामठ्याला माशी नसते. मग धनुर्धर शतकानुशतके नेम धरीत होता तो कशाच्या आधारे?

भंडारदऱ्यापासून आरंभ करू. कळसूबाई, रतनगड आणि प्रवरेचे खोरे हा मुलूख महादेव कोळी व ठाकरांचा. येथून उत्तरेला, नाशिक ओलांडून खानदेशात गेले की सातपुड्यापर्यंत भिल्लांच्या वस्त्या लागतात. भिल्लांचे धनुष्य वेळूचे असे आणि त्याची दोरीही पुष्कळदा वेळूच्याच चिवट कामटीची. दरबारी सरदारांची कमान शिंग, स्नायू आणि सरस यांच्या थरांची. दिसायला देखणी, पण दमट हवेत सरस ढिला पडे. सह्याद्रीच्या पावसात वेळूच अधिक भरवशाचा.

आता मूळ प्रश्न. बाण गालाशी किंवा हनुवटीखाली ओढला तरी डोळा बाणाच्या वरच राहतो. त्यामुळे जवळच्या लक्ष्यावर मारताना बाणाचे टोक लक्ष्याच्या खाली दिसावे लागते. एका ठरावीक अंतरावर टोक आणि लक्ष्य एकमेकांवर येतात. त्याहून दूर मारायचे तर टोक लक्ष्याच्या वर धरावे लागते. हे अंतर धनुष्याच्या जोरावर, बाणाच्या वजनावर आणि ओढीच्या लांबीवर ठरते, म्हणजे प्रत्येक धनुर्धराचे निराळे. दुसऱ्याच्या धनुष्याने नेम चुकतो तो यामुळे.

त्यात आणखी एक गुंता आहे. बाण धनुष्याच्या दांड्याच्या एका बाजूला टेकलेला असतो, त्यामुळे दोरी सरळ पुढे आली तरी तो किंचित बाजूला रोखलेला असतो. सुटताच तो माशासारखा लवलवतो, दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. बाण फार ताठ असला तर एका बाजूस जाईल, फार लवचीक असला तर दुसऱ्या. म्हणून एकसारखे बाण निवडणे हा नेमाचाच अर्धा भाग होता. महाभारतातील पक्ष्याच्या डोळ्याची कथा एकाग्रतेची म्हणून सांगतात. माझ्या मते ती तंत्राचीही कथा आहे : नजर टोकावर नव्हे, लक्ष्यावर ठेवावी, टोक नजरेच्या कडेला आपोआप जाणवते.

पण हे ‘आपोआप’ यायचे कसे? हात दर वेळी त्याच जागी थांबला तरच. ओढ दोन बोटे कमी पडली तर बाणाचा वेग घटतो आणि डोळ्याचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून जुन्या परंपरांत लक्ष्य फार उशिरा येते. उस्मानी तुर्कांचा शिकाऊ तिरंदाज प्रथम बाणाविना हलके धनुष्य ओढीत राही. जपानात आजही नवखा माणूस जेमतेम दोन मीटरांवरच्या गवताच्या पेंढीवर बाण सोडतो. तेथे चुकणे शक्यच नसते, म्हणून सारे ध्यान हाताकडे राहते. आपल्याकडे अग्निपुराणातील धनुर्वेदाचे अध्याय आणि चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’ उभे राहण्याचे प्रकार व मुठीची पकड यांना मोठी जागा देतात, ती याच कारणाने.

आणि याच तालमीचे एक साधन महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत आहे. लेझीम! हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ सरावाचे मऊ धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावून ते ओढायचे. खांदा, पाठ आणि मनगट कमवायचे. तिरंदाजी गेली आणि कवायत उरली. ज्यांनी शाळेच्या मैदानावर लेझीम खेळली, त्यांनी नकळत धनुर्धराचा पहिला धडा गिरवला आहे.

तिरंदाजी गेली कशी? काही अंशी बंदुकीने. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तेव्हा तीरकामठा जाणणाऱ्या तरुणांच्या हाती सरकारी बंदुका आल्या. १८५७ मध्ये भागोजी नाईकाच्या भिल्लांनी नांदूर शिंगोट्याजवळ नगरचा पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री याला ठार केले; पुढे दोन वर्षे नगर-नाशिकचे डोंगर धगधगत राहिले. १८५९ च्या नोव्हेंबरात सिन्नरजवळ भागोजी पडला.

बंदुकीहून खोल घाव कायद्याचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत तोफा-तलवारींच्या रांगेत धनुष्यबाणही नाव घेऊन बसवला. वेळूची एक काठी आणि कामटीची दोरी, तिची साम्राज्याला एवढी धास्ती! स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. हे जंगलाच्या हिताचेच होते. मात्र शिकार थांबली, तेव्हा बापाने पोराला उंचीप्रमाणे धनुष्य करून देण्याचे कारणही उरले नाही.

भारतीय तिरंदाजी स्पर्धांत ३० आणि ५० मीटरांवर वेळूच्या धनुष्याचा प्रकार अद्याप खेळला जातो. राजस्थानातील आदिवासी मुलूखातला लिंबा राम वेळूच्या धनुष्यावरच घडला आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिम्पिकांत उतरला. पुढे त्याच्या हाती आधुनिक धनुष्य आले, पण ओढ कोठे थांबवायची हे हाताला त्याआधीच ठाऊक झाले होते.